दान कोणाचे, हिशोब कोणाला?



आमच्या खारेपाटणला एक ताम्रपट सापडला होता. शिलाहार राजा रट्टराज याने इ. स. १००८ मध्ये दिलेला. बलिपत्तनच्या अव्वेश्वराच्या देवळाला त्याने गावे इनाम दिली, परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण लावून दिला. बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच, असे काही अभ्यासक मानतात. या उत्पन्नातून पूजा, देवळाची डागडुजी, तपस्व्यांचे अन्नवस्त्र चालायचे. यादीत पुढे तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे येतात आणि त्यांच्याच रांगेत सेविका. जमिनीबरोबर माणसे दिली, बायाही दिल्या. राज्यसत्तेने धर्मादाय संस्थेशी केलेला हा हजार वर्षांपूर्वीचा करार. त्यात बायांची नावे नाहीत, मोजदाद आहे.

आज राजे नाहीत. पण सरकार आणि प्रतिष्ठाने यांची भागीदारी पुन्हा जोरात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. हा पैसा बहुधा ट्रस्ट आणि फाउंडेशनमार्फत गावात येतो. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कंपन्यांना सोबत घेऊन ग्राम सामाजिक परिवर्तन अभियान काढले, हजार गावे ‘आदर्श’ करण्यासाठी. त्याच वर्षी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. यंत्रे संस्थांनी आणायची, डिझेलचा खर्च सरकारने द्यायचा, गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने शेतात न्यायचा.

गाळाचे दुखणे आम्हाला नवे नाही. वाघोटनच्या खाडीतून जिथवर गलबते येत, तिथे आज पावसाळ्यात पुराचे पाणी बाजारपेठेत शिरते. नदीतला गाळ कुणी काढणार असेल तर मी नको कशाला म्हणू? पूर ओसरल्यावर घरातला चिखल उपसते ती बाईच. मदतीला माझा विरोध नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच.

पहिला प्रश्न : शेतात गेलेला गाळ कुणाच्या सातबाऱ्यावर पडतो? २०२३ च्या नव्या नियमांत गाळ वाहण्यासाठी अल्पभूधारक आणि विधवा शेतकऱ्यांना अनुदान ठेवले, हे चांगलेच झाले. पण नवऱ्यामागे जमीन दिराच्या नावावर राहिली, तर ती विधवा शेतकरी ठरते का? दात्याच्या अहवालात ‘कुटुंबाला लाभ’ एवढेच येते. कुटुंबातल्या कुणाला, ते येत नाही.

दुसरा प्रश्न श्रमाचा. अशा प्रत्येक प्रकल्पात ‘लोकसहभाग’ हा शब्द असतो. सरकारचा वाटा रुपयांत, कंपनीचाही रुपयांत आणि गावाचा श्रमदानात. श्रमदानाला कोण येते, हे आपल्याला ठाऊक आहे. इंजिनिअरला पगार, यंत्राला भाडे, आणि बाईच्या पाटीला टाळ्या! पुढे नळयोजना बंद पडली की दाता पुढच्या गावी गेलेला असतो, खाते बोट दाखवते ग्रामपंचायतीकडे, आणि हंडा येतो पुन्हा तिच्याच डोक्यावर.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाणी, शाळा, दवाखाना हे आपले हक्क आहेत. सरकारने ते दात्याच्या हाती सोपवले की हक्काचे दान होते. हक्क मिळाला नाही तर मोर्चा काढता येतो. दान मिळाले नाही तर? फक्त हात जोडता येतात.

भागीदारी बायांच्या हाती राहू शकते, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया २०१७ पासून कांदळवनाची सफर चालवतात. मदत सरकारच्या कांदळवन कक्षाची आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाची. पण होडी वल्हवतात त्या, माहिती सांगतात त्या. बाई तिथे लाभार्थी नाही, कामाची धनीण आहे. फरक पडतो तो इथेच.

हत्यारे आपल्याकडे आहेत, ती गंजू देऊ नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे ग्रामपंचायत कायदा सांगतो. करार झाला की तो त्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा म्हणा : पैसा किती, कुणाचा, देखभाल कोण करणार, मजुरी कुणाला. सार्वजनिक न्यासांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थेलाही माहितीचा अधिकार लागू होतो. म्हणजे ‘आम्ही खासगी संस्था’ असे सांगून दार लावून घेता येणार नाही.

अर्ज एका बाईने केला तर तिला ‘विकासाची वैरीण’ ठरवतील. म्हणून तो गटाने करा, वीस-पंचवीस सह्या-अंगठ्यांनी करा. उद्घाटनाला ओवाळायला बोलावतील तेव्हा आरती घेऊन जरूर जा, पण हिशोबाचा कागदही मागा.

तुमच्या गावात असा करार झाला असेल तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण ते करार एकत्र वाचू. ताम्रपटातल्या बायांना प्रश्न विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.