रिपोर्ट कोरा, सातबारा नाही

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कसाऱ्याजवळच्या पाड्यावरचा एकजण ओपीडीत आला. ताप, जुलाब, अंगावरचे मांस उतरलेले. चार वर्षे एचआयव्हीच्या गोळ्या नेमाने घेतलेला माणूस. मग सोडल्या का? त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. ‘सायेब, विषाणू नाय असं तुमच्याच लोकांनी सांगितलं.’ दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाताना गोळ्या घरीच राहिल्या होत्या.

चूक त्याची म्हणवत नाही. आपण त्याला अर्धेच सांगितले होते.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. त्याचे जनुकीय द्रव्य आरएनएचे, पण पेशीत शिरल्यावर तो त्याची डीएनएमध्ये उलटी नक्कल करतो. हे करणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधले, १९७५ मध्ये नोबेल मिळवले. पुढे इंटिग्रेज नावाचे दुसरे विकर ती नक्कल थेट आपल्या गुणसूत्रात जोडते.

शहापूर-मुरबाडात हे समजवायला सातबारा पुरतो. घुसखोराची झोपडी हटवता येते. पण त्याने फेरफार करून उताऱ्यावर नावच चढवले तर? पेशी विभागली की दोन्ही वारसांच्या उताऱ्यावर तेच नाव. अशा काही सीडी-४ पेशी वर्षानुवर्षे झोपून राहतात, विषाणू तयारच करत नाहीत. औषधाला त्या सापडत नाहीत, आणि विषाणूभाराची तपासणी मोजते ती रक्तात फिरणाऱ्या विषाणूला. म्हणून कागद कोरा. डोल्युटेग्रॅव्हिर नवे फेरफार रोखते, जुनी नोंद खोडत नाही. नुसत्या गोळ्यांनी हा साठा संपायला ६०-७० वर्षे लागतील, असा संशोधकांचा हिशेब आहे. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो.

एप्रिल २००४ पासून ही औषधे सरकार फुकट देते. तरी आम्ही डॉक्टर, समुपदेशक घाईत ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून मोकळे होतो. तो शब्द टाकावा. ‘गोळ्यांनी दबलाय, गेला नाही’ असे म्हणावे. दबलेला असेपर्यंत शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही त्याच दमात सांगावे. माणूस गोळ्या चालू ठेवतो तो अशा कारणासाठी. आणि भट्टीवर निघणाऱ्याच्या पिशवीत परत येईपर्यंतच्या गोळ्या हव्यात. दर महिन्याला मजुरी बुडवून तो केंद्रावर येईल, ही अपेक्षा ज्याने कधी वीट उचलली नाही त्याची.

त्याचे उपचार पुन्हा सुरू झालेत, वजन तीन किलो वाढले. पुढच्या महिन्यात विषाणूभार तपासायचा आहे. या वेळी तो कागद मी स्वतः वाचून दाखवणार आहे, बायकोलाही शेजारी बसवून.