संगणकाचा अभियंता की आकड्यांचा जाणकार?

अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या आपल्या समाजातील विद्यार्थ्यांपुढे, त्याचप्रमाणे येथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्या मुलामुलींपुढे, गेली काही वर्षे एक प्रश्न सातत्याने उभा राहत आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीकडे वळावे की डेटा सायन्सकडे? पालक हा प्रश्न बहुधा पगाराच्या भाषेत विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. ज्या घरातील पहिलीच व्यक्ती कर्ज काढून सातासमुद्रापार आली, त्या घराला पगाराचा विचार करू नका असे सांगण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. तेव्हा प्रथम पगाराचेच पाहू.

अमेरिकी शासनाच्या श्रम-सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ साली सॉफ्टवेअर तयार करणारे व तपासणारे यांच्या सुमारे १९ लाख जागा या देशात होत्या, तर डेटा सायंटिस्टांच्या अडीच लाखांच्या आत. पहिल्यांचे मध्यक वेतन वर्षाला सुमारे १ लाख ३१ हजार डॉलर, दुसऱ्यांचे सुमारे १ लाख १२ हजार. २०३४ पर्यंतच्या दहा वर्षांत पहिल्या क्षेत्राची वाढ १५ टक्के व दुसऱ्याची ३४ टक्के होईल असा त्या कार्यालयाचा अंदाज आहे. हा ३४ चा आकडा विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत मोठ्या अक्षरांत छापलेला आढळतो. परंतु अडीच लाखांचे ३४ टक्के म्हणजे सुमारे ८५ हजार आणि १९ लाखांचे १५ टक्के म्हणजे सुमारे २ लाख ८५ हजार, हा साधा हिशेब त्या पत्रकांत नसतो. टक्केवारी कशाची, हे विचारल्यावाचून टक्केवारी स्वीकारू नये, एवढा धडा तरी डेटा सायन्सला प्रवेश घेण्यापूर्वीच मिळून जातो!

शिवाय व्हिसाचे गणित वेगळेच. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी-व्हिसावर बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर आणखी चोवीस महिने काम करता येते. दोन्ही शाखांना ही सवलत सारखीच लागू आहे. त्यानंतर एच-वन-बी ची सोडत, आणि तिच्यात वर्षाकाठी ८५ हजार जागा. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय उद्घोषणेने परदेशातून आणावयाच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी एक लाख डॉलरांचे शुल्क लादले, तेव्हा किती घरांची झोप उडाली हे आपण सर्व जाणतो. अशा परिस्थितीत ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि हाती मोजके महिने आहेत, त्याने जेथे दारे अधिक आहेत तेथे जावे. ती दारे सॉफ्टवेअरची आहेत. डेटा सायन्समध्ये प्रारंभीच्या जागा थोड्या, त्यांतही पदव्युत्तर शिक्षणाला प्राधान्य; आणि 'डेटा सायंटिस्ट' हे बिरुद २००८ च्या सुमारास रूढ झाल्यापासून इतके सैल झाले आहे की, त्याखाली आठवड्याचे तक्ते रंगवून देण्याचे कामही चालते. (हे बिरुद रूढ करणाऱ्या दोघांपैकी एक पाटील आहेत, याचे कौतुक मराठी माणसाला असणारच, त्यावर प्रवेश ठरवू नये.)

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. परंतु व्यक्तीच्या निवडीचा हिशेब निराळा आणि समाजाच्या गरजेचा हिशेब निराळा. आपल्यातील बहुतेकांनी सॉफ्टवेअर निवडले तर त्यात समाजाचे काही बिघडत नाही. परंतु सर्वांनीच ते निवडले तर बिघडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण आपल्या अस्तित्वाचा वाद आकड्यांत लढला जात आला आहे. १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखालील मताधिकार समितीसमोर काही प्रांतांतून अशी भूमिका मांडली गेली की, आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. संख्येवर प्रतिनिधित्व अवलंबून आहे हे उमगताच संख्याच नाकारण्यात आली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी १ मे १९३२ रोजी स्वतंत्र टिपण सादर केले. अस्पृश्य कोणाला म्हणावे, कोणती कसोटी लावावी आणि त्या कसोटीने गणती किती भरते, हा त्या टिपणाचा विषय. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला विद्यार्थी तेथे बोलत होता. व्याख्या बदलली की बेरीज बदलते, हे त्यांना ठाऊक होते.

आज अमेरिकेत नेमके तेच घडत आहे. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या शासकीय विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ साली दोन अभियंत्यांवरील दावा विभागानेच मागे घेतला. कंपनीवरील दावा तेव्हा कायम ठेवण्यात आला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने जातिभेदास बंदी करणारा ठराव संमत केला. कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र राज्यपालांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी नामंजूर केले. या संपूर्ण वादात दोन अहवाल एकमेकांवर फेकले गेले. इक्वॅलिटी लॅब्जच्या २०१८ च्या अहवालात सुमारे दीड हजार लोकांची उत्तरे होती, आणि दलित उत्तरदात्यांपैकी दोन-तृतीयांशांनी कामाच्या ठिकाणी अन्याय झाल्याचे सांगितले होते. कार्नेगी संस्थेच्या २०२१ च्या अहवालात बाराशे भारतीय-अमेरिकनांपैकी सुमारे पाच टक्क्यांनी जातिभेदाचा अनुभव नोंदविला. पहिल्याविषयी आक्षेप असा की, नमुना यादृच्छिक नाही. ओळखीतून ओळखीकडे गेलेला आहे. हा आक्षेप खोटा नाही. पण दुसऱ्याचे काय? बाराशेंमध्ये शेकडा दोन दलित धरले तरी माणसे होतात चोवीस. चोवीस जणांच्या उत्तरांवरून काढलेल्या टक्केवारीत वीस टक्के इकडे वा तिकडे इतकी चूक संभवते. शिवाय पाच टक्के हे सर्व भारतीयांचे आहेत, त्यांत ज्यांना जातीचा जाच होण्याचा प्रश्नच नव्हता ते बहुसंख्य आहेत. मग 'जातिभेद केवळ पाच टक्के' हे वाक्य किती पोकळ आहे, हे समितीपुढे उभे राहून सांगणारा संख्याशास्त्रज्ञ आपल्यातून किती जणांना आठवतो?

अमेरिकेच्या जनगणनेत जातीचा रकाना नाही. तसा 'एशियन इंडियन' हाही रकाना १९८० पर्यंत नव्हता. भारतीयांच्या संघटनांनी मागणी केली तेव्हा तो मिळाला. भारतात १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना २०२७ च्या जनगणनेत करण्याचा निर्णय झाला आहे, पण त्या गणनेत येथे राहणारे आपण नसणार.

येथे कृष्णवर्णीय समाजाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ड्यू बॉईस यांनी १८९६-९७ साली फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून प्रत्येक कुटुंबाची माहिती गोळा केली आणि १८९९ साली ती ग्रंथरूपाने मांडली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगविलेले तक्ते ठेवले होते. त्याच ड्यू बॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

आपली गणती त्याहून अवघड आहे, कारण आपल्यातील अनेक जण जात सांगत नाहीत. आडनाव बदललेले असते. सहकाऱ्यांना ठाऊक नसते. फोनवर अनोळखी आवाजाने विचारले तर कोणीही खरे सांगणार नाही, आणि का सांगावे? लपून राहणाऱ्या समूहांची गणती करण्याची पद्धत मात्र अस्तित्वात आहे. डग्लस हेकॅथॉर्न यांनी १९९७ साली ती मांडली : एका उत्तरदात्याने मोजक्याच ओळखीच्यांना आमंत्रण द्यायचे, कोणी कोणाला आणले व कोणाच्या किती ओळखी आहेत याची नोंद ठेवायची, आणि त्यावरून कोणाचे उत्तर किती वजनाचे हे ठरवायचे. ओळखीतून जाणारा नमुना याने बराच दुरुस्त होतो. पण हे करण्यास गणित लागते, आणि ज्यांच्याजवळ लोक खरे बोलतील अशी आपली माणसे लागतात. दुसरी गोष्ट आपल्याजवळ आहे.

म्हणून व्हिसाचा प्रश्न ज्यांना नाही, ज्यांच्या आईवडिलांनी येथे घर केले आहे, त्या मुलामुलींपैकी काहींनी तरी संख्याशास्त्राकडे वळावे, असे मी आग्रहाने म्हणेन. सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांनीही पदवीच्या काळात संभाव्यतेचे दोन अभ्यासक्रम घ्यावेत. डेटा सायन्सच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल, तर प्रवेशापूर्वी विषयांची पूर्ण यादी मागवून पाहावी. नुसती यंत्रशिक्षणाची साधने वापरावयास शिकविणारे, परंतु नमुना-निवड आणि सर्वेक्षण-पद्धती यांचा एकही विषय नसलेले अभ्यासक्रम आज पुष्कळ आहेत. तेवढ्याच शुल्कात विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात प्रवेश मिळत असेल, तर तो घ्यावा.