मनीऑर्डर चालते, माणूस चालत नाही

टाळेबंदीवर बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं : सरकार कमी पडलं, पण नात्यांनी निभावून नेलं. हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला देश बंद झाला. तेव्हा भीमाशंकरच्या डोंगरातली माणसं कुठे होती? भातावर वर्ष निघत नाही, म्हणून आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडचे महादेव कोळी, ठाकर, कातकरी दिवाळीनंतर घरं बंद करून नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभे राहतात. कांदा काढायचा, टोमॅटो तोडायचा, रात्री पालात नाहीतर उघड्यावर झोपायचं. रेशनकार्ड गावात, पोट नारायणगावात. याच पट्ट्यातले कितीतरी जण मुंबईत डबे पोचवतात. तेही २० मार्चपासून थांबलेले.

ही माणसं परत निघाली तेव्हा राज्यातल्या गावोगावच्या वेशींवर काटे आणि दगड पडले होते. ज्याच्या मनीऑर्डरीवर मंदिराचा सभामंडप उभा राहिला, त्याच्यासाठीच रस्ता बंद. मुंबईहून आला म्हणजे रोग घेऊन आला! त्याच दिवसांत मरकजच्या नावाने आम्हा मुसलमानांवरही हाच शिक्का मारला गेला. परदेशी तबलिगींना बळीचा बकरा केलं गेलं, असं औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट म्हटलं. वेशीवर अडवलेल्या मुंबईकराच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

आणि नाती? बापाला बांधावर उभं राहून लांबूनच पोराला भाकरी द्यावी लागली, तर त्याला नात्याचा विजय म्हणायचं? सरकारने टाकलेलं ओझं घरातल्या बाईने उचललं, पाच माणसांचं पीठ नऊ जणांत पुरवलं. यात कौतुक करणाऱ्याला काहीच खर्च येत नाही.

कायद्याकडे पाहा. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा झाला तो आंतरराज्य मजुरांसाठी. बिहारहून ठेकेदाराने आणलेला मजूर २०२५ पर्यंत त्यात निदान कागदावर तरी बसत होता. आहुप्याहून नारायणगावला गेलेली बाई बसत नव्हती, कारण तिने राज्याची हद्द ओलांडलेली नव्हती. घर मात्र तिनेही सोडलेलंच असतं! सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने संसदेत सांगितलं की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरितांची आकडेवारी नाही. ज्यांची जाताना नोंद नाही, त्यांची मरताना कुठून होणार?

याच आंबेगावात ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, सुमारे दीडशे माणसं गाडली गेली. वाचलेल्यांत कामाला, शिक्षणाला बाहेर असलेलेही होते. ते परतले ते चिखलातून आपली माणसं ओळखायला. पोटासाठी लांब राहिल्याची ही किंमत कोणत्या पंचनाम्यात लिहितात?

आता आपल्या लोकांना दोन शब्द. कुरआनने जकातीचे आठ हक्कदार सांगितले, त्यात इब्नुस्सबील, म्हणजे वाटेवर अडलेला मुसाफिर आहे. २०२० च्या रमजानमध्ये अनेक जमातींनी रेशनचे किट वाटले, अल्लाह कबूल करो. पण यादी बहुतेक ठिकाणी मोहल्ल्याचीच होती. मुसाफिर मोहल्ल्याच्या यादीत कसा सापडेल? त्याला शोधायला अड्ड्यावर, पालांवर जावं लागतं, तेही संकट यायच्या आधी. आणि ग्रामपंचायतींनी दिवाळीनंतर कोण कुठे गेलं, सोबत किती लेकरं नेली, एवढं एका वहीत लिहायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.