‘अदखलपात्र’ या शब्दाविषयी

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी पोलीस ठाण्यातली भाषा वाचावी, ही आमची सूचना काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मार खाल्लेली बाई ११२ क्रमांक फिरवते, त्यानंतर तिच्या वाट्याला काय येते हे बव्हंशी शब्दांवर ठरते. आणि शब्द हा तर आपलाच प्रांत.

पोलीस घरी येतात, नवऱ्याला दटावतात, तिला ठाण्यात बोलावतात. तिथे हकीकत लिहून घेतली जाते. हाती कागद पडला की गुन्हा नोंदवला गेला, अशा समजुतीने ती परतते. पुष्कळदा ती नोंद असते ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र. साधी दुखापत, शिवीगाळ एवढेच लिहिले गेले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपासच करता येत नाही. उलट जिवाला वा प्रकृतीला धोका पोचवणारा छळ म्हणून तीच हकीकत तिच्या फिर्यादीवरून नोंदली गेली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीचे ४९८-अ) तो दखलपात्र गुन्हा होतो आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बाई तीच, वळ तेच. बदलला तो लिहिणाऱ्याचा शब्द.

दुसरा शब्द ‘वाद’. २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आलेल्या कायद्याने ‘कौटुंबिक हिंसाचार’ म्हटले. व्यवहारात मात्र ‘नवरा-बायकोचा वाद’ हेच चालते. वाद म्हटला की दोन बाजू आल्या, दोन बाजू आल्या की ‘मिटवून घ्या’ आले. ललिता कुमारी प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक तंट्यांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली, हे खरे. पण ती दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही, एवढे पाहण्यापुरती, तडजोडीसाठी नव्हे.

खोट्या फिर्यादींचे काय, असे विचारले जाईल. खोटेपणा तपासातच उघडा पडतो, तपास नाकारून नव्हे. शिवाय अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) अशा गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही. म्हणजेच तो त्याच रात्री घरी असू शकतो. म्हणून तर २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, मोफत कायदेशीर मदत आहे, नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगणारा आदेश आहे. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी, असे त्यात म्हटले आहे. हे सारे तिला सांगणे कलम ५ नुसार पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

आता खंडाळ्याकडे वळू. लोणावळ्याशेजारचे नव्हे, सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. सावित्रीबाईंचे नायगाव याच तालुक्यात. तिथून २९ ऑगस्ट १८६८ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांना गावकरी मारायला निघाले होते. सावित्रीबाईंनी धावत जाऊन इंग्रजी कायद्याचे भय दाखवले आणि दोघांचा जीव वाचवला. तो मारेकरी नवरा नव्हता, गाव होते. पण धडा इथेही लागू पडतो. त्यांनी शारजेला समजून घ्यायला सांगितले नाही. त्यांनी हत्येला हत्या म्हटले आणि कायद्याचा धाक मारणाऱ्याला घातला, मार खाणाऱ्याला नव्हे.

३ जानेवारीला नायगावला जाणारे आपण वर्गात मात्र काय शिकवतो? ‘नायिकेची सोशिकता सोदाहरण स्पष्ट करा.’ सोसण्याला मूल्य ठरवून आपण गुण देत आलो. ठाण्यातला अंमलदार आणि ‘संसार मोडू नकोस’ म्हणणारी आई आपल्याच शाळांतून शिकून बाहेर पडली आहेत. ठाण्याला दोष देताना आपली प्रश्नपत्रिकाही जरा तपासावी, एवढेच आमचे म्हणणे.

आणि कुणी विद्यार्थिनी अशा रात्रीनंतर आपल्याकडे आली, तर तिला धीर द्यावाच; पण आधी विचारावे, ‘नोंद कोणत्या शब्दात झाली?’ दखल तिथूनच सुरू होते.