पदवी दिली, अधिकार कोण देणार?

परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणून आदराने हाक मारावयाची, पण उपचाराचा निर्णय होताना तिचे मत विचारावयाचे नाही, ही आमच्या रुग्णालयांतील जुनी रीत आहे. वस्तुतः रुग्णाच्या उशाशी तासन् तास असते ती परिचारिका. डॉक्टर येतात आणि जातात. अपरात्री रक्तदाब घसरू लागला, श्वास जड झाला, तर ते प्रथम तिच्याच ध्यानात येते. या जाणकारीला शास्त्रशुद्ध शिक्षणाची आणि मर्यादित का होईना, पण कायदेशीर अधिकाराची जोड द्यावी, या विचारातून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वर्ग जगात निर्माण झाला. आपल्या देशानेही तो स्वीकारला, पण अर्धामुर्धा. या अर्धेपणाविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

या कल्पनेचा उगम १९६५ सालचा. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या अनुभवी परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जेथे डॉक्टर पोहोचत नाहीत, तेथील मुलांची प्रकृती सुशिक्षित परिचारिकेने का पाहू नये, हा त्यांचा साधा प्रश्न होता. फोर्डबाई जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तल्या. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे रुग्ण तपासतात, निदान करतात व औषधेही लिहून देतात.

परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडेही नवे नाही. दिल्लीच्या नर्सिंग महाविद्यालयात ते १९५९ सालीच सुरू झाले. परंतु त्या शिक्षणाची दिशा पुष्कळदा वर्गाकडे आणि कचेरीकडे राहिली. परिचारिका जितकी अधिक शिकावी तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर जावी, असा विपरीत प्रकार घडत आला. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात आखलेला अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम या दृष्टीने निराळा आहे. तो दोन वर्षांचा, पदव्युत्तर आणि निवासी स्वरूपाचा असून त्याचा मुख्य भर प्रत्यक्ष रुग्णसेवेवर आहे. प्रसूतिसेवेतही तेलंगणाने २०१७ साली अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण सुरू केले आणि २०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने देशासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. योजना चांगल्या आहेत, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

घोडे अडते ते पुढे. शिकून बाहेर पडलेल्या या परिचारिकेने करावयाचे काय? १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे डॉक्टरी चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची चिठ्ठी लागते. म्हणजे दोन वर्षे अतिदक्षता विभागात घासून शिकलेली परिचारिका डॉक्टरांनी आधी आखून दिलेल्या चाकोरीतच औषध देऊ शकते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील कलम ३२ ने मर्यादित परवान्याच्या आरोग्यसेवकाची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर संप पुकारले. २०२३ साली नवा परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग कायदा होऊन १९४७ चा जुना कायदा मागे पडला. परंतु कायदा बदलला म्हणून रुग्णालयात पद निर्माण होत नाही. पद नाही, वेतनश्रेणी नाही, अधिकाराची स्पष्ट रेषा नाही. अशा स्थितीत ही पदवीधर परिचारिका पुन्हा जुन्याच पाळीवर, जुन्याच कामाला उभी राहणार असेल, तर तिची दोन वर्षे आणि तिला शिकविण्याचा खर्च पाण्यात गेला असेच म्हणावे लागेल. मग ती परदेशाची वाट धरते, याचा दोष तिला कोणत्या तोंडाने द्यावयाचा?

डॉक्टरांचा आक्षेप केवळ स्वार्थाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. श्रीमंताला डॉक्टर आणि गरिबाला त्याची दुय्यम आवृत्ती, अशी वाटणी होईल ही भीती खरी आहे. पण तिच्यावरील उपाय अधिकार नाकारणे हा नव्हे, तर शिक्षण कसून देणे हा आहे. येथे अमेरिकेचे अनुकरण करताना तिच्या चुकाही पाहाव्यात. तेथे २००४ साली नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने या वर्गासाठी डॉक्टरेटचा आग्रह धरला. पदवी उंच झाली, पण प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांची किमान अट दीर्घकाळ केवळ ५०० होती. ती ७५० पर्यंत नेण्याचा निर्णय व्हावयास २०२२ साल उजाडले. अभ्यासक्रम घरबसल्या चालू लागले आणि पुष्कळ विद्यार्थिनींवर आपल्याला रुग्णाजवळ शिकविणारा मार्गदर्शक आपणच शोधण्याची, प्रसंगी त्याला पैसे मोजण्याची पाळी आली. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या संस्थेपाशी स्वतःचे, सदैव रुग्णांनी भरलेले रुग्णालय नाही, तिला हा अभ्यासक्रम देऊ नये. विद्यार्थिनीगणिक जबाबदार मार्गदर्शक नेमावा आणि त्यात डॉक्टर व ज्येष्ठ परिचारिका दोघांनाही स्थान असावे. अधिकार टप्प्याटप्प्याने, ठरावीक औषधांपुरता, पण कायद्याने लिहून द्यावा. तोंडी आज्ञेवर औषध दिले गेले आणि काही विपरीत घडले, तर बळी परिचारिकेचाच जातो. महाराष्ट्र शासनाने तर अधिक त्वरा करावी. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुंबई-पुण्याची मोठी सार्वजनिक रुग्णालये हाताशी असताना या राज्याने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. पहिली पाऊलखूण म्हणून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अतिदक्षता विभागांत नर्स प्रॅक्टिशनरची स्वतंत्र पदे मंजूर करावीत.

हा प्रश्न परिचारिकांच्या मानापानाचा नाही. आपल्यापैकी प्रत्येकाचा आप्त कधी ना कधी त्या खाटेवर असणार आहे. त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला काय करावे हे कळत आहे, पण करण्याची मुभा मात्र नाही, ही स्थिती कोणत्याही सुबुद्ध समाजाने फार काळ चालू देऊ नये.