हल्ली फार चिडतो

हा अंक हाती पडेल तेव्हा लालबाग-परळच्या कार्यशाळांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालू असेल आणि मंडळांतली सोळा-सतरा वर्षांची पोरे रात्र-रात्र मांडवात असतील. विसर्जनानंतर त्यांतलेच एखादे आपल्या दवाखान्यात येते. सलग जागरणे, पहाटे जेमतेम दोन तास झोप, उठल्यावर हाताला झटका बसून चहाचा कप उडाला आणि मग फिट. आई फक्त फिटचे सांगते. कपाचे विचारावे लागते. ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी पुष्कळदा या एका प्रश्नावर सापडते, आणि तिथे कार्बामॅझेपिन दिले तर झटके वाढू शकतात. हे आपल्याला ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते त्यापुढचे.

केईएममध्ये किंवा वाडियात ईईजी होतो, गोळी ठरते आणि मूल परत आपल्याकडे येते. महिन्याभराने आई म्हणते, "फिट नाही आली डॉक्टर, पण हल्ली फार चिडतो. वयच तसं आहे." आपण मान डोलावतो. इथे मान डोलावू नये, एवढेच माझे म्हणणे.

गोळी लेव्हेटिरासिटॅम असेल तर चिडचिड हा तिचा परिचित दुष्परिणाम आहे. टोपिरामेटवर शब्द आठवत नाहीत, गुण घसरतात आणि घरचे आळशी म्हणून मोकळे होतात. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात. मुलगी गुपचूप गोळी टाळू लागते. (त्या गोळीचा गर्भाला असलेला धोका तिच्या आईशी आणि तिच्याशी आधीच बोलायला हवा, लग्न ठरल्यावर नव्हे.) अपस्माराच्या औषधांवर आत्महत्येच्या विचारांबाबत अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्ये इशारा दिला. त्यात औषधाचा वाटा किती आणि आजाराचा किती, यावर वाद आहे. प्रश्न विचारण्याबद्दल वाद नसावा. मात्र "गोळी बंद करा" असे फोनवर सांगू नये. एकदम थांबवलेली गोळी पोराला थेट आयसीयूत नेऊ शकते. मात्रा किंवा औषध बदलायचे ते न्यूरॉलॉजिस्टशी बोलून.

पण सगळे गोळीच्या माथी मारता येत नाही. चाळीच्या गॅलरीत पोरगा पडतो, पँट ओली होते, कोणी नाकाला चप्पल लावते, कोणी मोबाइलवर चित्रण करते. निदानाला ते चित्रण सोन्यासारखे. त्याला मात्र ते वर्गाच्या ग्रुपवर दिसते. त्यानंतर आई रात्रभर त्याच्या उशाशी. मोरीला कडी नाही, एकट्याने लोकल नाही, पोहणे नाही, मंडळ नाही. हा पोरगा चिडला नाही तरच नवल! बंदी घालताना आपणही उदार असतो. खरे तर मोरीचे दार कडी न लावता लोटता येते, आजार माहीत असलेले कोणी सोबत पाण्यात असेल तर पुढे पोहताही येते, आणि मंडळात दिवसाची कामे कमी नसतात. सक्ती हवी ती झोपेची.

हे त्याच्याशी एकट्याशी बोलावे. गिरगावातल्या पडदा लावलेल्या खोलीत एकांत कुठला, म्हणाल. आईला औषधे आणायला केमिस्टकडे पाठवावे. मग विचारावे: गोळ्या किती चुकल्या, मित्रांना सांगितलेस का, जगू नये असे वाटते का? बाइकचे स्वप्न असेल तर परवान्याच्या अर्जात अपस्माराचा प्रश्न असतो, हेही सोळाव्या वर्षीच सांगावे, अठराव्या वर्षी धक्का नको.

मुलीच्या आईचा प्रश्न बहुधा दारात, हळू आवाजात येतो: लग्नाचे काय? हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्मार 1999 च्या दुरुस्तीने वगळला गेला. आपल्यातले काही अजून जुनाच कायदा सांगतात, याला काय म्हणावे?

इंडियन एपिलेप्सी असोसिएशन 1970 पासून आहे. स्वतः या आजारातून गेलेल्या यशोदा वाकणकर यांचा 'संवेदना' हा स्वमदत गट पुण्यात आहे. चिठ्ठीवर गोळीखाली असा एखादा पत्ता लिहायला हरकत नाही; त्याच आजाराचा दुसरा सतरा वर्षांचा मुलगा भेटणे आपल्या समुपदेशनापेक्षा पुष्कळदा जास्त काम करते.

आणि गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याला बोलवावे, फिट आली नसली तरी. त्या भेटीचे पैसे घेऊ नयेत, म्हणजे घरचे टाळणार नाहीत.