खिन्न मनाचे हेत्वाभास

आमच्या थोरल्या वहिनी मध्यंतरीं वर्षभर अगदीं खिन्न असत. स्वयंपाक, पूजा सर्व कांहीं चाले, पण यंत्रवत्. रात्रीं तीन वाजतां जाग आली कीं पुन्हां डोळा लागत नसे. परदेशीं असलेल्या मुलाचा रविवारीं फोन आला नाहीं, तर दोन दोन दिवस त्यांना अन्न गोड लागत नसे. एके दिवशीं आम्हीं त्यांना समोर बसवून चांगला तासभर उपदेश केला. ‘वहिनी, तुम्हांस कमी काय आहे? मन खंबीर करा,’ वगैरे. जन्मभर वर्गांत बोलण्याची संवय. वाक्यें सुचत गेलीं. वहिनींनीं मान हालविली आणि त्या दिवसापासून आमच्याशीं बोलणेंच टाकलें. पुढें पुष्कळ दिवसांनीं त्या म्हणाल्या, ‘भावजी, त्या दिवशीं मला एवढेंच कळलें कीं, आतां तुम्हीसुद्धां मला कंटाळलांत.’

म्हणजे आमच्या उपदेशाचा त्यांच्या मनानें उलट पुरावा करून घेतला होता! असें कां व्हावें, याचा उलगडा आम्हांस फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आरन बेक (१९२१–२०२१) यांच्या विवेचनांत सांपडला. ज्यास हल्लीं डिप्रेशन म्हणतात त्या विषादरोगाचें कारण म्हणजे स्वतःकडे वळलेला क्रोध, असें फ्रॉइडपंथाचें मत. बेक त्याच पंथांतले. मत सिद्ध करावें म्हणून त्यांनीं रुग्णांचीं स्वप्नें तपासलीं. तों त्यांत क्रोधाऐवजीं अपयश, हानि आणि अव्हेर हेच विषय फिरून फिरून आढळले. एक रुग्ण स्त्री त्यांच्याशीं मोकळेपणीं बोलत असे, पण त्याच वेळीं तिच्या मनांत एक दुसरा विचार गुपचूप चाललेला असे: ‘मी डॉक्टरांना कंटाळा आणीत आहें.’ हें वाचतांना वहिनींचे शब्द आमच्या कानांत घुमले.

असे आपोआप उठणारे विचारच बेक यांनीं विषादाच्या केंद्रस्थानीं मानले. १९६७ सालच्या ग्रंथांत त्यांनीं त्यांचे तीन रोख सांगितले आहेत: स्वतःविषयीं, जगाविषयीं व पुढील काळाविषयीं. मी निरुपयोगी, जग कठोर, आणि यापुढेंही असेंच चालावयाचें.

ज्यांनीं थोडेंबहुत न्यायशास्त्र वाचलें आहे, त्यांना यांत ओळखीचें कांहींतरी दिसेल. ‘मुलास माझी पर्वा नाहीं’ हें साध्य, आणि ‘फोन आला नाहीं’ हा हेतु. हा हेतु सव्यभिचार आहे; कारण फोन न येणें जसें बेपर्वाईंत आढळतें तसेंच कामाच्या गर्दींत, प्रवासांत, आजारांतही आढळतें. मग त्यावरून अनुमान उभें राहात नाहीं. पण खिन्न मन येथेंच थांबत नाहीं. ‘पर्वा नाहीं, म्हणजे माझें आईपण फुकट गेलें, म्हणजे म्हातारपण असेंच जाणार’, अशी सांखळी क्षणांत तयार होते. आणि मुलगा दिवाळीस आला होता हें कोणीं आठवून दिलें, तर ‘कर्तव्य म्हणून आला’ असें उत्तर तयारच असतें.

बेक यांच्या उपचारांत वैद्य उपदेश करीत नाहीं, आणि आनंदी विचार करा असेंही सांगत नाहीं. तो विचारतो: पुरावा काय? दुसरें कांहीं कारण संभवतें काय? रुग्ण वहींत प्रसंग, मनांत आलेला विचार, त्यास अनुकूल व प्रतिकूल पुरावा, असें लिहून ठेवतो. ‘माझ्यानें कांहींच होत नाहीं’ असें म्हणणाऱ्यास पाव तास फिरून येण्यासारखें लहानसें काम नेमून देतात व तें विधान प्रत्यक्षावर तपासतात. साधारण बारा ते वीस बैठकी होतात. १९७७ सालीं ४१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगांत इमिप्रामीन या औषधापेक्षां या पद्धतीचा गुण अधिक आला. पुढील प्रयोगांत ती बहुधा औषधाच्या तोडीची ठरली. मात्र उपचार थांबल्यावर रोग उलटण्याचें प्रमाण, औषध थांबविलेल्यांपेक्षां हिच्यांत कमी आढळलें.

विचार हा रोगाचें कारण कीं कार्य, हा वाद अजून मिटलेला नाहीं. आम्हांस दोन्ही परस्परांस पोसतात असें वाटतें. शिवाय सर्वच दुःख हेत्वाभासानें उत्पन्न होत नाहीं. ज्या सुनेस घरांत मार खावा लागतो, तिच्या हातीं वही देऊन काय होणार? तेथें मार थांबला पाहिजे. आणि रुग्ण अन्न टाकूं लागला किंवा मरणाची भाषा बोलूं लागला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. औषध घेण्यांत कमीपणा नाहीं. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा घरांत लिहून ठेवण्यासारखा आहे.

वहिनी शेवटीं एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊं लागल्या. रात्रीची झोंप अजून पुरती सुधारलेली नाहीं, पण फोन चुकला तर त्या आतां स्वतः मुलास फोन करतात. गेल्या महिन्यांत त्यांनीं आपली वही आपण होऊन आमच्यापुढें ठेवली. एका पानावर प्रसंग लिहिला होता: ‘भावजींचा उपदेश.’ विचार: ‘मला कंटाळले.’ प्रतिकूल पुराव्याच्या घरांत त्यांच्या बारीक अक्षरांत एकच ओळ होती: ‘कंटाळलेला माणूस तासभर बसत नाहीं.’